दोन वऱ्हाड

"मी तेच सांगून रायलो वं बाई," बाबा म्हणाले आणि तिसऱ्यांदा पासवर्ड सांगितला, एकेक शब्द सुटा करून, शाळेत शुद्धलेखन घालतात तसा. मी तिसऱ्यांदा टाइप केला. लॅपटॉप सेकंदभर थबकला आणि लाल अक्षरांत तेच वाक्य आलं, जे वर्षभरापूर्वी मीच लिहिलं होतं: पासवर्ड चुकीचा आहे. ओसरीत गावातला एक माणूस उभा होता. कापूस विकून आला होता, हातात रबर लावलेल्या नोटा, आणि दोन वर्षांपूर्वीची उसनवारी फेडायची म्हणून आकडा विचारत होता. बाबांचा फोन त्याच सकाळी गोठ्यातल्या हौदात पडून दर्यापूरला दुरुस्तीला गेला होता, म्हणून हिशोब लॅपटॉपवर उघडायचा हा सगळा खटाटोप. शेवटी बाबा त्याला म्हणाले, "जाऊ दे, तुमच्या ध्यानात असीन तेवढे द्या." त्यानं दिले, चहा घेतला, गेला. आणि मी फार विचार न करता, लॅपटॉप मिटता मिटता म्हणाले, "भुलले असान तुम्ही, बाबा."

त्यांनी काही उत्तर दिलं नाही.

आमच्या घरात 'भुलणं' हा शब्द इतक्या सहज उच्चारायचा नसतो. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आधी विळा कुठे ठेवला ते भुलले, मग शेताची वाट, मग आम्हाला. शेवटच्या वर्षी ते बाबांनाच 'तुम्ही कोणत्या गावचे' म्हणून विचारायचे आणि बाबा दर वेळी गावाचं नाव सांगायचे, पाहुण्यासारखं. बाबा आता ७३ वर्षांचे आहेत. माझ्या त्या वाक्यानंतरच्या सकाळी देवळीखाली भिंतीला एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर निळ्या बॉलपेननं लिहिलेली: 'चष्मा – देवळीत.' त्याच्या दुसऱ्या दिवशी दाराच्या चौकटीवर आणखी एक: 'गोठ्याची कडी लावली का?' आईनं ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि भाजी चिरायला लागली.

हे कुलपाचं खूळ मुळात बाबांचंच. ते सावकार नाहीत. पेरणीच्या तोंडावर कोणाला बियाण्यापुरते, कोणाला दवाखान्यापुरते असे बिनव्याजी पैसे देतात आणि वहीत लिहून ठेवतात. एका दिवाळीत नात्यातल्या एका पोट्ट्यानं ती वही उचलली आणि पारावर बसून नावानिशी मोठ्यानं वाचली, गंमत म्हणून. त्यातली एक बाई पुढे सहा महिने आमच्या दाराशी आली नाही. तेव्हा बाबा मला म्हणाले, "तुह्या कॉम्प्युटरात कुलूप असते म्हणतात, त्यात टाक हे." मी फोनवर आणि लॅपटॉपवर चालेल असा एक छोटा प्रोग्राम लिहिला. पासवर्ड त्यांनी स्वतः फोनवर टाकला, मी तोंड फिरवून बसले होते. जुनी वही उतरवून घेताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. जे पैसे परत आलेच नाहीत, त्यांच्यापुढे 'दिले नाही' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. 'पाण्यानं गेले.' 'तुरीवर अळी.' २०१७च्या पानांवर तर एकाखाली एक एकच शब्द: बोंडअळी, बोंडअळी, बोंडअळी. माणसाच्या नावापुढे दोष म्हणून नाहीच.

माझं पोटापाण्याचं काम म्हणजे क्रिप्टोग्राफीच्या, म्हणजे माहितीला कुलूप लावण्याच्या शास्त्राच्या, एका लायब्ररीची माहिती लिहिणं. (गावात निम्म्या लोकांना वाटतं मी वाचनालयात आहे. मी दुरुस्त करणं सोडून दिलं आहे.) प्रोग्रामर लोक ही लायब्ररी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडतात, आणि त्यातलं कोणतं फंक्शन कशाला वापरायचं, त्याला काय द्यायचं, ते काय परत देईल, हे मी लिहिते. त्या महिन्यात माझ्याकडे 'की डेरिव्हेशन'चं प्रकरण होतं. माणसाच्या तोंडी बसेल असा पासवर्ड घ्यायचा आणि त्याचं कुलपाला चालेल अशा चाबीत रूपांतर करायचं, एवढंच त्याचं काम. पण हे रूपांतर मुद्दाम मंद असतं, आणि हे 'मुद्दाम मंद' समजावून सांगताना माझी इंग्रजी वाक्यं लाकडासारखी व्हायची. ती मी सैल केली ती चुलीपाशी बसून.

आई भाकरी थापत होती. लॅपटॉपवर काहीतरी फिरत बसलेलं पाहून म्हणाली, "एवढा टाइम कायले लागते त्याले?" मी म्हटलं, आई, तुला एक भाकर थापायला दोन मिनिटं लागली तर तुझं काही बिघडत नाही, तुला एकच हवी आहे. चोराला पासवर्ड माहीत नाही, त्याला लाख भाकरी थापून बघायच्या आहेत, त्यातली कोणती आपल्या भाकरीसारखी निघते ते. म्हणून भाकर जितकी वेळखाऊ तितका चोर मेला. आईनं तव्यावरची भाकर उलटवली, पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "मंग तो शंभर बाया लावीन."

मी बघतच राहिले. पीबीकेडीएफ२ या जुन्या, सर्वत्र पसरलेल्या फंक्शनवरचा खरा आक्षेप तिनं परातीवरून मान वर न करता सांगितला होता. त्यात तीच क्रिया पुन्हा पुन्हा करायची असते, सामान काही लागत नाही. नुसते हात लागतात. ग्राफिक्स कार्डात हात हजारोंनी असतात. म्हणून २००९मध्ये कॉलिन पर्सिव्हलनं एसक्रिप्ट काढलं, ज्यात प्रत्येक प्रयत्नाला ढीगभर मेमरीही अडकवावी लागते. म्हणजे शंभर बाया लावा, पण प्रत्येकीला स्वतःची चूल, स्वतःची परात, स्वतःचा तवा पाहिजे. उसना चालणार नाही. पुढे २०१३ ते २०१५ अशी पासवर्ड हॅशिंगची, म्हणजे पासवर्डचं असं उलटवता न येणारं रूपांतर करण्याची, खुली स्पर्धाच झाली आणि लक्झेंबर्ग विद्यापीठातल्या मंडळींचं आर्गॉन२ जिंकलं. बाबांच्या वहीला मी तेच लावलं आहे: ६४ मेबिबाइट मेमरी, ३ फेऱ्या. हे सगळं आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "चुली तं महाग पडतीन त्याले." बरोब्बर. एवढंच प्रकरण आहे ते.

मिठाचं मात्र मला तिला सांगता आलं नाही. पासवर्डमध्ये चाबी काढण्याआधी एक यादृच्छिक तुकडा मिसळतात, त्याला सॉल्ट म्हणतात. दोघांचा पासवर्ड एकच निघाला तरी त्यांच्या चाब्या सारख्या निघू नयेत, आणि चोरानं आधीच भाजून ठेवलेल्या भाकऱ्यांची चळत कामी येऊ नये, म्हणून. १९७९मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम करणाऱ्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी ते १२ बिटांचं असल्याचं लिहिलं, म्हणजे ४०९६ तऱ्हा. आज आपण १२८ बिटं टाकतो. आता आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांमधून पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट. लहानपणी विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, आणि पाहुणा चहाचा पहिला घोट घेऊन कप खाली ठेवायचा तेव्हा आम्ही सगळे त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचो. ओलितासाठी ते पाणी दिलं तर काळी माती दगडासारखी होते, म्हणून पावसाच्या ओलीवर हरभरा घ्यायचा. 'मीठ जपून, प्रत्येकाला वेगळं द्या' हे लिहिताना मला हसू येई. आमच्याकडे मीठ सगळ्यांना सारखंच मिळालंय, आणि कोणी जपून ठेवायला सांगितलं नव्हतं. सॉल्ट गुपित नसतं, ते कुलपाशेजारी उघडं ठेवलं तरी चालतं, हे मात्र मी तीनदा लिहिलं, कारण वाचणारे तेच विसरतात. (गुपित ठेवायचंही एक असतं, त्याला पेपर म्हणतात. मीठ झालं, मिरपूड झाली. आमच्याकडच्या कोणी नाव ठेवलं असतं तर तिखट म्हटलं असतं.)

आकड्यांनी मला जास्त छळलं. जुन्या मजकुरात कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'पुरेशा फेऱ्या वापरा.' पुरेशा म्हणजे किती? २०००च्या सप्टेंबरात आलेल्या आरएफसी २८९८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात पीबीकेडीएफ२साठी किमान १००० फेऱ्यांची शिफारस होती. आज ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेच्या संस्थेची शिफारस शा-२५६ या हॅश फंक्शनसोबत ६,००,००० फेऱ्यांची आहे. हजाराचे सहा लाख. म्हणजे आकडा न लिहावा तर वाचणारा मनानं काहीतरी टाकणार, आणि लिहावा तर तो आकडा दुधासारखा नासणार. आणि नासका आकडा कोणीतरी दहा वर्षांनी माझ्या पानावरून उचलून आपल्या बँकेच्या कुलपाला लावणार. मी शेवटी बाबांची पद्धत उचलली. त्यांच्या वहीत एकही आकडा तारखेशिवाय नाही. तुरीचा भाव लिहितील तर शेजारी दिवस. मी प्रत्येक शिफारशीपुढे महिना-वर्ष घातलं. तपासणाऱ्यांपैकी एकाला ते कुरूप वाटलं. वाटू दे.

एचकेडीएफचं एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले होते तेही सांगून टाकते. ते २०१०चं, ह्यूगो क्रॉचिकचं, देखणं फंक्शन: एका चांगल्या मूळ चाबीतून हव्या तेवढ्या वेगवेगळ्या कामांच्या चाब्या काढून देतं. नावात 'की डेरिव्हेशन' आहे म्हणून लोक त्यात सरळ पासवर्ड ओततात. पण ते झपाट्यानं चालतं, चोरासाठीसुद्धा. 'पासवर्डसाठी वापरू नका' हे वाक्य मी पानाच्या तळातून उचलून अगदी वर, नावाच्याही खाली लगेच, आणून ठेवलं. तळाचं कोणी वाचत नाही.

हे सगळं इतक्या काळजीनं लिहीत होते. आणि प्रत्येक फंक्शनच्या पहिल्या ओळीत, पासवर्ड या घटकापुढे, एक शब्द होता ज्याच्याकडे मी दोन वर्षांत एकदाही थांबून पाहिलं नव्हतं.

बाइट्स.

चौथ्या दिवशी फोन दुरुस्त होऊन आला. बाबा खाटेवर बसले, चष्मा देवळीतून घेतला, चिठ्ठीकडे न बघता, आणि अंगठ्यानं सावकाश टाइप केलं. वही उघडली. पहिल्याच झटक्यात. त्यांनी फोन माझ्याकडे वळवून दाखवला नाही, काही म्हणालेही नाहीत; त्या माणसाचं नाव काढलं, रक्कम बरोबर होती की नाही ते पाहिलं (दोनशे रुपये जास्तच देऊन गेला होता), आणि ते परत करायला चपला घालून निघाले. मी ओसरीत उभी राहिले. पोटात काहीतरी खाली सरकल्यासारखं झालं.

त्या रात्री मी जेवणानंतर लॅपटॉप उघडला. आधी मला वाटलं फेऱ्यांचा मूळ आकडा लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत बदलला असेल. असं होतं, आणि आकडे कुलपासोबत साठवून न ठेवणाऱ्यांची जुनी कुलपं कायमची बंद होतात. पण मी ते साठवले होते. सॉल्टही जागेवर. मग मी दोन्हीकडे पासवर्डची लांबी बाइटांत, म्हणजे यंत्र मजकूर ज्या बारीक तुकड्यांत साठवतं त्यांत, छापून पाहिली. बाबांचा पासवर्ड होता 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड'. (आता बदलला आहे म्हणून उघड लिहिते. म्हण कधी पासवर्ड म्हणून ठेवू नये, चोरांच्याही याद्यांत म्हणी असतात, हे मी स्वतः जगाला सांगत असते आणि घरात माझं कोणी ऐकत नाही.) लॅपटॉपवर लांबी आली ६५ बाइट. फोनवर ७१.

सहा बाइटांचा फरक, आणि डोळ्यांना अक्षर एक इकडचं तिकडे नाही. मी एकेक चिन्ह सुटं करून मांडलं तेव्हा दिसलं. लॅपटॉपवर मी इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डनं टाइप करते. 'वऱ्हाड' लिहिताना मी तो खास ऱ दाबते, नुक्त्याचा, युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीतला क्रमांक ०९३१, मग हलन्त, मग ह. फोनवरचा कीबोर्ड साधा र देत होता, क्रमांक ०९३०, मग हलन्त, मग एक न दिसणारा जोडक, क्रमांक २००डी, आणि मग ह. दोन्हींचं चित्र एकच उमटतं: ह-च्या पुढ्यात ती छोटीशी आडवी पापणी. आपण सगळे शाळेत ती पापणी काढायला शिकलो, ती दोन वाटांनी येते हे कोणी सांगितलं नाही. वऱ्हाडात एक पापणी, कुऱ्हाडीत एक, प्रत्येक अदृश्य जोडक ३ बाइटांचा, झाले सहा. यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह असंच तीन-तीन बाइट खातं, काना-मात्रा-वेलांट्या सुट्या मोजून. बीक्रिप्ट नावाचं १९९९चं फंक्शन ७२ बाइटांपलीकडे बघतच नाही, म्हणजे बाबांची म्हण त्यात कशीबशी एक बाइट राखून मावली असती. आणि चाबी काढणाऱ्या फंक्शनचा तर धर्मच हा, की आत एका बिटाचा फरक पडला तरी बाहेर ओळखही न लागणारी चाबी निघावी. ते त्याचं काम चोख करत होतं. मी सांगितलेला वऱ्हाड आणि बाबांनी सांगितलेला वऱ्हाड त्याच्या लेखी दोन वेगळे मुलूख होते.

दुसऱ्या दिवशी मी माहितीच्या पानात भर घातली. हे फंक्शन अक्षरं घेत नाही, बाइट्स घेतं. दिसायला सारखा मजकूर बाइटांत वेगळा असू शकतो. आणि युनिकोडचं सामान्यीकरण नावाची जी धुलाई असते तिनंही सगळं एकसारखं होत नाही, कारण हा न दिसणारा जोडक त्या धुलाईत निघत नाही. उदाहरण म्हणून 'वऱ्हाड' दोन्ही प्रकारे दिलं. तपासणाऱ्यानं, जो सज्जन आहे आणि मला नेहमी आधी शाबासकी देतो, पहिली दोन वाक्यं ठेवली, तिसरं 'फार खोलात' म्हणून काढलं आणि उदाहरण बदलून 'कॅफे' घातलं, फ्रेंच पद्धतीनं शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ असलेलं. तेही दोन प्रकारे लिहिता येतं, खरं आहे. पण कॅफे धुतल्यावर एक होतो. वऱ्हाड होत नाही. म्हणजे आता ते पान वाचून एखादा नेक प्रोग्रामर धुलाई करेल, निश्चिंत होईल, आणि त्याच्या दुकानात वऱ्हाडातला कोणीतरी म्हातारा 'मी तेच टाकलं' म्हणत उभा राहील. मी हे जरा तिखट शब्दांत परत लिहून पाठवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

बाबांना सांगणं त्याहून अवघड गेलं. हरभऱ्याची सोंगणी चालू होती, ते संध्याकाळी आंबेचे हात घेऊन आले. हरभऱ्याच्या पानांवरची आंब हाताला लागली की बोटं खरखरीत होतात आणि तळव्याला आंबूस वास दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. त्यांनी हात धुतले तरी लॅपटॉपला हात लावला नाही, नुसते वाकून बघत राहिले. मी दोन्ही वऱ्हाड मोठ्या अक्षरांत शेजारी शेजारी लावले होते.

"दोन्ही सारखेच तं आहेत."

"दिसतेत सारखे. आतून वेगळे आहेत. एक तुमच्या फोननं लिहिलेला, एक मी." मी जोडकाचं सांगितलं, जेवढं सांगता येईल तेवढं. त्यांनी ऐकून घेतलं. मग बोटानं हवेत पापणी काढून पाहिली, एकदा, दोनदा, आपला हात नेमकं काय करतो ते तपासल्यासारखी.

"मंग मी भुललो नव्हतो."

"नाही बाबा. माझंच चुकलं. मी आधी तपासायला पाहिजे होतं."

"हं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "तुह्या त्या पुस्तकात लिहून टाक मंग. दुसऱ्या कोणाच्या बापाले असं नको व्हायले." मी 'लिहिलं आहे' म्हणाले. उदाहरण उडवलं ते सांगितलं नाही.

मी प्रोग्रामात आता एक ओळ घातली आहे जी दोन्ही पापण्यांची एकच करते. चिठ्ठ्या मात्र भिंतीवर तशाच आहेत. चष्म्याच्या चिठ्ठीचा डिंक सुटला होता, तर बाबांनी तो पुन्हा लावला. काल बाबांची रोजनिशी आईनं मला आणायला सांगितली, सोंगणीच्या मजुरीचा आकडा बघायला. ती उघडी असते, तिला कुलूप नाही. पान काढलं. नेहमीचंच बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. '९ फेब्रुवारी. हरभरा सोंगणी, बाया ३. फोनवाल्याचे देणे दिले. पासवर्ड भुललो नव्हतो. मशीनची चूक.'